राखणदाराचा बोकड

१२ जानेवारी, सोमवार

आज चांदीने गाभ टाकला. चांदी म्हणजे आमच्या गोठ्यातली सगळ्यात म्हातारी शेळी. दोन वर्षांत तीन वेतं आणि दर वेताला जुळी, असा तिचा लौकिक. सासू तर तिला शेळी म्हणतच नाही, बँक म्हणते. सकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चरायला सोडायला काढली तर मागे काहीतरी लोंबत होतं. मी दारातून पाहिलं. दोन करडं होती, केस नीट न आलेली, एकमेकांना चिकटलेली.

पाहू नये ते पाहिलं. मला पाचवा महिना लागलाय. याआधी दोनदा तिसऱ्यातच सगळं संपलं होतं. तेव्हापासून मी जिना उतरतानाही देवाचं नाव घेते. माझा नवरा साईश हसतो, म्हणतो तू भित्री भागूबाई. त्याला काय, तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी घेऊन जातो आणि दिवसभर पर्यटकांशी गप्पा मारतो.

ही डायरी त्यालाच कुठल्या ट्रॅव्हलवाल्याने दिली. म्हटलं, जे कोणाला सांगता येत नाही ते इथे लिहावं. सासरच्या घरात भीती बोलून दाखवायची तर ती कोणाला?

१३ जानेवारी

मी चांदीला पेज द्यायला गोठ्याकडे निघाले, तर मांय वाटेतच आडवी आली. "हय येव नको."

"पेज देते फक्त."

"येव नको म्हटला ना! आजपासून गोठ्यात पाय घालूचो नाय. भितर जा."

कारण विचारलं तर तोंड फिरवलं. मी सासूला मांय म्हणते, इथे तसंच म्हणतात. पण आजच्या आवाजात आई कुठे नव्हती. मी माहेरची बांद्याची, दोन उमेदवार पाहून नापसंत केलेली, तोंडाने फटकळ. पण त्या आवाजापुढे मुकाट्याने आत आले.

१९ जानेवारी

शेजारच्या कमलकाकीच्या काळीनेही टाकलं. काकी कुंपणापाशी येऊन रडल्या. "दोन होती गो पोटात. पाटी होत्यो दोनय." पाट म्हणजे मादी करडू. ती वाढली की कळप वाढतो, म्हणून रडणं दुप्पट.

मांय म्हणाली, "पाला कडू खाल्ल्यान असतला." पण तिचे डोळे सड्याकडे होते. तिथे आमचा बोकड उभा होता.

आमचा म्हणजे आता आमचा नाही, राखणदाराचा. ती गोष्ट लिहून ठेवते. मागच्या वर्षी मांयने राखणदाराला, वस्तीची राखण करणाऱ्या देवाला, सांगणं केलं होतं, सुनेच्या पोटात राहिलं तर पुऱ्या काळ्या अंगाचा बोकड सोडीन. मला राहिलं. पण आमच्याकडचे बोकड सगळे तोंडावर पांढऱ्या पट्ट्यांचे, कानाला पांढरी कड असलेले. वाडाभर, म्हणजे सगळ्या वस्तीत, पाहिलं, कोरगाव पालथं घातलं, एक पुरा काळा मिळेना. शेवटी मांय घाटावरच्या बाजारातून घेऊन आली. एक पांढरा केस नाही अंगावर. एका बाजूचं अंड चांगलं नारळाएवढं सुजलेलं. गोकुळदासकाका, म्हणजे कमलकाकींचा नवरा, ते बघून म्हणाला, "बाबा रे, रग बघा ह्याची! वाडो करडांनी भरतलो." सगळे पुरुष हसले. दसऱ्यानंतर त्याला गुलाल लावून सोडला. देवाला सोडलेल्या बोकडाला कोणी बांधायचं नाही, हाकलायचं नाही, तो ज्या शेळीवर जाईल तिचं भाग्य. माझ्या पोटाची बातमी मांय पाचव्यापर्यंत लपवणार होती, ती बोकडानेच वाड्यावर पोचवली.

म्हणजे वाड्यातल्या शेळ्या फळल्या त्या माझ्या नवसाच्या बोकडापासून. आणि आता टाकतात त्याही त्याच शेळ्या.

२५ जानेवारी, रविवार

या आठवड्यात घरातल्या अजून दोघींनी टाकलं. वाड्यात अजून कोणाकोणाच्या गेल्या म्हणतात, नीट कोणी सांगत नाही. मी अंगणात आले की बायका बोलायच्या थांबतात.

मांयचं वागणं तर दिवसेंदिवस कळेनासं झालंय. शेळीचं दूध काढते आणि परसात ओतून टाकते. चहाला पिशवीचं दूध. स्वतःचं ताट वेगळं काढलंय, वेगळं घासते. गोठ्यातून आली की विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही, आणि ओली असताना मी समोर आले तर "बाजूक हो" म्हणून खेकसते. तुवालासुद्धा मला धुवू देत नाही.

मला समजत नाही असं नाही. जिच्या पोटात दोनदा टिकलं नाही तिची सावली गाभण जनावरावर पडू नये, हेच तिच्या मनात आहे. माझी दृष्ट लागते तिच्या शेळ्यांना. तोंडावर बोलत नाही एवढंच.

साईशला सांगितलं. तो म्हणाला, "मांयक वय झालां, तू मनार घेव नको." मग मोबाईल घेऊन झोपला. बायकोचं दुःख आणि विमानाची वेळ यात विमान आधी सुटतं.

१ फेब्रुवारी, रविवार

हाताचा वास अजून जात नाही.

मांय सकाळीच काजूच्या बागेत झाडी साफ करायला गेली. साईश गाडीवर. मी स्वयंपाकघरात होते. गोठ्यातून तांबडीचा आवाज आला. तांबडी माझी. लग्नानंतर बाबांनी बांद्याहून पाट पाठवली होती, ती. तिचा आवाज मी हजारांत ओळखीन. हाक मारत होती ती मला.

पाय घालायचा नाही म्हटलंय, हे आठवलं. तरी गेले. करडू अर्धं बाहेर, अडकलेलं. तिचे डोळे पांढरे झाले होते. मी काय करणार? बसले, हाताने धरलं आणि ओढलं. मेलेलंच होतं. मग वार पडत नव्हती, तीही हळूहळू काढली. कोपरापर्यंत हात भरले. तांबडीने माझा गाल चाटला. मी तिच्या गळ्यात पडून रडले, वेड्यासारखी.

नंतर साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. करडू फणसाखाली पुरलं. परत आले तर पोटात आतून काहीतरी ढवळल्यासारखं वाटत होतं. बाळ आहे की भीती ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी

मांयने गोठ्यात जाऊन आल्यावर विचारलं, "तांबडेक कोणी सोडवला?"

"तिची तीच मोकळी झाली. करडू साईशने पुरलं."

माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. मी पदर नीट करायचं निमित्त करून मागे वळले. खरं सांगितलं असतं तर म्हणाली असती, पडली ना तुझी सावली.

तिला कणकण आहे असं वाटतं. संध्याकाळी अंगाला कापरं भरतं, पहाटे घामाने चादर भिजते. विचारलं तर, "काजीत काम केला की आंग दुखताच. तू तुझा बघ."

७ फेब्रुवारी

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आली. प्रिया नाव. डिचोलीकडची, मयेची. माझ्याच वयाची, पण हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर पट्टी. मांयनेच बोलावलं तिला, वाड्यात कोणालाही न विचारता. मला नवलच वाटलं. दृष्ट लागली असं वाटणारा माणूस डॉक्टरला कशाला बोलावील?

शेळ्यांचं रक्त घेतलं. मग अंगणात सगळ्यांना उभं करून विचारलं, "पडलेल्या करडांना, वारेला मोजे न घालता कोणी हात लावला?"

मांय म्हणाली, "मी. सगळ्यांक मीच. दुसऱ्या कोणी नाय."

"ह्या?" डॉक्टरने माझ्याकडे बोट केलं.

"तिका मी पयल्या दिसापासून गोठ्यात घेवकच नाय. आमची आवय सांगी, पोटुशी बायल गाभडलेल्या जनावराच्या वाऱ्याकसुद्धा उभी रवता नये. आणि तिच्या कानार असला कायच घालूचा नसता. म्हणान सांगूक नाय."

डॉक्टर म्हणाली, "बरं केलंत. फार बरं केलंत."

मी खांबाला धरून उभी होते. तांबडीचं मी सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आली. रोगाचं नाव ब्रुसेला. त्यात जनावरं शेवटच्या महिन्यांत गाभ टाकतात. पडलेल्या करडातून, वारेतून, कच्च्या दुधातून माणसालाही लागतो. बोकडाचं रक्त डॉक्टरने सड्यावर फिरता फिरता कसंबसं घेतलं होतं, त्यातही निघाला. तो सुजलेला भाग ही रग नव्हती, रोग होता.

मी विचारलं, "माणसाला लागला तर?"

"ताप येतो, जातो, परत येतो. हाडं दुखतात. औषध आहे, लांब चालतं."

"आणि गरोदर बाईला?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "का विचारता?"

मग मी सांगितलं. मांय तिथेच होती. मला वाटलं ती ओरडेल. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उलटसुलट करून बघत राहिली, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, कुठे खरचटलंय का. उजव्या अंगठ्याजवळ काट्याचा जुना ओरखडा होता. तिथे तिचं बोट थांबलं. मी आयुष्यात इतकी कधीच भ्याले नव्हते.

१३ फेब्रुवारी

म्हापशाला जाऊन आम्ही दोघींनी रक्त दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या गर्भ जाऊ शकतो, पण लवकर कळलं तर औषध देता येतं. मला फक्त "जाऊ शकतो" एवढंच ऐकू आलं. परतताना साईशने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. पेडण्याच्या चढावर त्याने एकदा डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२० फेब्रुवारी

माझ्या रक्तात काही नाही. पण आनंद करू नका म्हणाल्या, अजून लवकर आहे, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तोवर जरा ताप वाटला तरी धावत या.

मांयच्या रक्तात निघालं. चांगलंच. म्हणजे महिनाभर ती अंगात ताप घेऊन गोठ्यात वाकत होती, आणि मी तिचं वेगळं ताट बघून मनात तिला नावं ठेवत होते. ती माझ्यापासून लांब राहत नव्हती, मला स्वतःपासून लांब ठेवत होती. तिला गोळ्या सुरू झाल्यात. खाल्लेलं टिकत नाही.

मी दिवसातून किती वेळा कपाळाला हात लावून बघते ते मोजायचं सोडून दिलंय. हात गरम लागतो की कपाळ, तेही आता समजत नाही.

२४ फेब्रुवारी

आमच्या गोठ्यातल्या सगळ्यांच्या रक्तात रोग निघाला, सगळ्या गेल्या. चांदी गेली, तांबडी गेली. मारून खोल पुरल्या, चुना टाकून. मटणालाही चालत नाहीत. मी जनेल, म्हणजे खिडकी, लावून आत बसले. तांबडीने हाक मारली का? मारली असेल. मी कानात बोटं घातली होती.

राहिला बोकड. तो अजून सड्यावर हिंडतोय, लोकांच्या शेळ्यांच्या मागे. डॉक्टर म्हणते, त्याला धरल्याशिवाय हे थांबणार नाही, पुढच्या वेतालाही हेच. वाड्याची बैठक झाली. गोकुळदासकाका म्हणाला, "राखणदाराच्या बोकडाक दोरी लायतलो कोण? हात झडतले. आणि कोप झालो तर तो खयच्या घरार जातलो? ज्या घराचो नवस त्या घरार." सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. माझ्या पोटाकडे बघितलं म्हणायला हवं.

मी बारावी पास, कॉम्प्युटरच्या दुकानात तीन वर्षं काम केलेली बाई. तरी सांगते, घरी आल्यावर मी मांयचे पाय धरले. म्हटलं, त्याला बांधू नका. नवस मोडू नका, माझं बाळ जाईल. रोग दिसतो तरी, देव दिसत नाही, त्याची जास्त भीती वाटते. बोकड ठेवला तर रोग, बांधला तर कोप, आणि दोन्हीकडे माझंच पोट.

मांय म्हणाली, "ऊठ. जेवलस काय?"

१ मार्च, रविवार

आज बोकड धरला.

वाड्याचं गाऱ्हाणं घालणारे बाबुराव. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं ते त्यांनी, आणि प्रत्येक वाक्याला लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत. ते "व्हय" आलं नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. मांय त्यांना बोलवायला गेली होती. त्यांनी पाठीचं दुखणं सांगितलं. मग मांय म्हणाली, "बरा तर. मी घालतंय." बाईने गाऱ्हाणं घातलेलं कोणी ऐकलेलं नाही. म्हणूनच असेल, बघायला सगळा वाडा सड्यावर आला. बाबुरावही आले, पाठीसकट.

राखणदाराची जागा म्हणजे एका मोठ्या झाडाखालचा दगड, तेवढीच. मांय नारळ घेऊन उभी राहिली. गोळ्यांनी तिचा चेहरा उतरलाय. पण आवाज खणखणीत लागला.

"बा राखणदारा, ह्या वाड्याच्या म्हाराजा! बोकड सोडलंय तो मी सोडलंय."

कोणी काही म्हणालं नाही.

"बाजारात पारख केली ती मी केली. पुरो काळो बघलंय, रोगी काय धड ता बघूक नाय. चुकला ता माझा."

पुन्हा गप्प. कमलकाकीने पदर तोंडाला लावला होता. साईश मान खाली घालून उभा. वाऱ्याने पाला हलत होता तेवढाच.

"आज माझ्या हातान त्याका दोरी लायतंय. तू माझ्या हाडांत ताप घातलंस, तो मी घेतलंय, कुरकुर करूक नाय. तोच दंड समज. आणि तेवढ्यान तुझा भागला नसात, तर आणि घे, पण माझाच घे. ह्या पोरीच्या वाटेक जाव नको."

आता ती मागे वळली. लोकांकडे नाही, माझ्याकडे. वाट बघत होती. मला समजलं तिला काय हवंय. आणि हेही समजलं की मी "व्हय" म्हटलं तर मी देवाला सांगणार, हिचं घे. मान्य आहे मला. स्वतःच्या पोरासाठी हिचं घे.

ती डोळ्यांनी म्हणत होती, म्हण गो. पाय कापत होते तिचे, जास्त वेळ उभी राहणार नव्हती.

मी म्हटलं. ओरडूनच म्हटलं. "व्हय म्हाराजा!"

मग कमलकाकी म्हणाली. मग साईश. मग गोकुळदासकाका, खालच्या आवाजात. शेवटी बाबुरावही.

मांयने नारळ ठेवला आणि बोकडाकडे चालत गेली. तो पळालासुद्धा नाही, सोडल्यापासून त्याला कोणी बांधलंच नव्हतं. तिनेच दोरी लावली आणि दवाखान्याच्या गाडीत चढवला. उतारावर मी तिला धरून आणत होते, तर म्हणते, "केवढो आवाज काढलंस! पोटाक ताण येता." मी रडत होते. म्हाताऱ्या बाईचं आयुष्य मी देवाला देऊन आले होते आणि ती मला माझं पोट सांभाळायला सांगत होती.

९ मार्च

आज पुन्हा रक्त दिलं. मांयचा ताप कालपासून नाही. मी तिला सकाळ-संध्याकाळ कपाळाला हात लावून बघते, आता माझ्या आधी तिला. "व्हय" म्हटल्यापासून तिच्या प्रत्येक खोकल्याला माझ्या काळजाचं पाणी होतं.

१४ मार्च, शनिवार

रिपोर्ट साईशच्या मोबाईलवर आला. माझ्या रक्तात काही नाही. सोनोग्राफीत बाळ बरोबर वाढतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता ह्याची धास्ती सोडा. मी तीनदा वाचलं. साईश अंगणात जाऊन उगाच गाडी पुसू लागला.

मांय मागच्या पायरीवर बसली होती, रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून. मी शेजारी बसून सांगितलं.

"परत वाच," ती म्हणाली.

परत वाचलं. मग तिचे हात हलायला लागले. आधी हात, मग खांदे, मग दातांवर दात वाजू लागले. मला वाटलं ताप उलटला. चादर आणायला मी उठले, तर तिने माझा हात घट्ट धरून खाली बसवलं.

"ताप न्हय गो," ती म्हणाली. "भियूक आत्ता सवड गावली."

मी तिला जवळ घेतलं. पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत दारात येऊन थांबला, बराच वेळ थांबला, आणि पाव घ्यायला कोणी उठत नाही बघून पुढे गेला.